कट-ऑफच्या यादीवरून पेटलेला वर्ग: कोकणातल्या एका महाविद्यालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं हे महाविद्यालय. अकरावी-बारावी विज्ञान, वर पदवीचे वर्ग. मी तिथे नोकरीला नाही. जूनपासून गणपतीपर्यंत अभियांत्रिकीचे अर्ज, कागदपत्रं आणि पसंतीक्रम यांत मुलांना मदत करायला जातो. त्यामुळे पुढचं बरंचसं जवळून पाहिलेलं आहे. उरलेलं प्राचार्य, दोन शिक्षक आणि दोन्ही घरांशी बोलून जुळवलं आहे. कुणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०२४ च्या बारावीत कोकण विभागीय मंडळ ९७.५१ टक्के निकालासह नेहमीप्रमाणे राज्यात पहिलं आलं. पेढे वाटून झाले आणि मग सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला. बोर्डात चांगले गुण मिळवलेली बरीच मुलं तिथे मागे पडली. क्लास लावायचा तर रत्नागिरी शहर गाठायचं, नाहीतर थेट कोल्हापूर-पुणे. ते सगळ्यांना परवडत नाही. त्यातून दोघं वर आली. एक मुलगा, मराठा घरातला, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याचं पर्सेंटाइल ९६ च्या थोडं वर. दुसरी मुलगी, कुणबी घरातली. वडील हंगामात दुसऱ्याच्या आंबाबागेत राखणीला आणि पेट्या भरायला, एरवी टेम्पोवर. तिचं ९४ च्या वर. दोघं एकाच एसटीने यायची आणि एकमेकांच्या वह्या वापरायची.

ते वर्षही जरा वेगळंच होतं. फेब्रुवारीत विधिमंडळाने मराठा समाजासाठी १० टक्के आरक्षणाचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) कायदा केला होता. त्यामुळे राज्याच्या प्रवेशांत मराठा विद्यार्थ्यांना ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचा, रस्ता बंद झाला. ८ जुलैच्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मुलांना निम्मं. आणि १ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली. काही न्यायाधीशांनी त्या निकालात क्रीमी लेयरचा, म्हणजे मागास गटातल्या सुस्थितीतल्यांना वगळण्याचा, विषयही काढला. म्हणजे चहाच्या टपरीपासून एसटीच्या रांगेपर्यंत सगळीकडे हाच विषय.

मुलीच्या कागदांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वर्गातल्या कुणालाच त्याची कल्पना नव्हती. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो. सोपा पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. तिच्या घरात त्या तारखेआधी शाळेत गेलेलं कुणीच नाही. वडील सेतू केंद्रात म्हणाले ते मला अजून आठवतं, "आज्यान शाळेचं त्वांड बघितलान नाय, दाखला कुठना आणू?" मागासलेपण सिद्ध करायला जो कागद लागतो, तो मागासलेपणामुळेच घरात नसतो. शेवटी तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर सापडलं. त्यात पणजोबांच्या जन्माची नोंद होती, मोडीत. जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतलं, वंशावळीचं शपथपत्र केलं. मुंबईतल्या चुलत काकांकडे नोकरीच्या वेळी मिळालेलं जात वैधता प्रमाणपत्र होतं, तेही जोडलं. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैध प्रमाणपत्र असेल आणि त्यात फसवणूक नसेल तर ते मानलं पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितलेलं आहे. तिचं प्रमाणपत्र हाती आलं ते मुदतीच्या आत. शिवाय क्रीमी लेयरमध्ये नसल्याचा, म्हणजे नॉन-क्रीमी लेयरचा, दाखला वेगळा. या सगळ्यासाठी वडिलांनी ऐन आंब्याच्या हंगामात किती खाडे केले ते त्यांनाच ठाऊक.

प्रश्न कसा उभा राहिला

ऑगस्टमध्ये कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचं वाटप जाहीर झालं. मुलीला घाटावरच्या एका सरकारी महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली. मुलाने तेच महाविद्यालय, तीच शाखा पहिल्या पसंतीला टाकली होती. खुल्या गटाची यादी त्याच्या वर अर्ध्या पर्सेंटाइलवर बंद झाली होती.

त्या रात्री त्याने मुलीच्या वाटपाचा स्क्रीनशॉट वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जागेच्या प्रकाराभोवती, 'एल-ओबीसी-एस' या अक्षरांभोवती, लाल वर्तुळ. खाली एकच शब्द, "मेरिट" आणि टाळ्यांचे हात. कुणी लिहिलं, "कोट्यातली इंजिनिअर, फीसुद्धा फुकट." त्यावर दुसऱ्याने खोतीचा, म्हणजे खोतांनी कुळांकडून सारा वसूल करण्याच्या कोकणातल्या जुन्या पद्धतीचा, उद्धार केला: तुमच्या पणज्यांनी आमच्या पणज्यांकडून वेठ घेतली तेव्हा मेरिट कुठे होतं. एका बौद्ध मुलाने काही न लिहिता ग्रुप सोडला. मुलीनेही सोडला. सकाळी तिचा मोठा भाऊ एसटी स्टँडवर मुलाला गाठायला गेला. तिथे हातघाई होता होता राहिली, कारण एका कंडक्टरने दोघांना दोन बाजूंना ओढलं.

दुपारपर्यंत प्राचार्यांना पालकांचे आणि एका स्थानिक पुढाऱ्याचा फोन. त्यात भर म्हणजे १५ ऑगस्टच्या आठवड्यातली वादविवाद स्पर्धा. सांस्कृतिक समितीने तिचा विषय जुलैतच फलकावर लावून ठेवला होता: 'शिक्षणातील आरक्षण केवळ आर्थिक निकषावर असावे.'

समोरचे पर्याय

प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. मलाही बोलावलं होतं.

पहिला विचार शिस्तीचा. मुलाला बोलावून माफी लिहून घ्यायची. पण तो आणि मुलगी दोघंही बारावी होऊन बाहेर पडलेले, पटावर नाहीत. ग्रुपही महाविद्यालयाचा नव्हता. दमात घेऊन माफी मिळाली असती. पण ती घेतली असती तर निम्म्या गावाच्या दृष्टीने तो बिचारा झाला असता.

दुसरा पर्याय, स्पर्धा रद्द करून विषय मिटवायचा. उपप्राचार्यांचं मत ठामपणे हेच होतं: "गणपती तोंडावर आलेत, चाकरमानी येतील, गावागावांत हा विषय जाईल. आत्ता झाकण ठेवू या." ही भीती पोकळ नव्हती. तरी मला तो पर्याय पटला नाही. रद्द करण्याचं कारण सगळ्यांना कळणारच होतं, आणि मग एकही शिक्षक हजर नसलेल्या जागी तोच वाद चालला असता.

तिसरा, स्पर्धा ठरल्याप्रमाणे घ्यायची. मराठीच्या शिक्षिकांचा याला विरोध होता आणि त्यांचं म्हणणं नेमकं होतं. अशा स्पर्धेत जिंकतो तो बोलण्यात तरबेज असलेला. विषयाची मांडणीच अशी, की एका बाजूच्या मुलाला स्वतःच्या घराचा बचाव करावा लागेल आणि दुसऱ्या बाजूला तो नुसता विषय असेल.

चौथा पर्याय इतिहासाच्या सरांचा. स्पर्धेच्या जागी दोन तासांचं खुलं सत्र, आणि त्यात भाषणं नकोत, ज्या यादीवरून भांडण झालं तीच यादी पडद्यावर लावून वाचायची. बैठक इथे वळली. प्राचार्यांनी अटी घातल्या: कुणालाही स्वतःची जात सांगायला लावायची नाही, व्हॉट्सॲपवरची पोस्ट दाखवायची नाही, दोघांपैकी कुणाचंही नाव घ्यायचं नाही.

आणखी एक सूचना आली होती, तिचा उल्लेख करायला हवा. मुलीचा १५ ऑगस्टला व्यासपीठावर सत्कार करावा, म्हणजे सगळ्यांना उत्तर मिळेल. हेतू चांगला होता. प्राचार्यांनी आधी घरी विचारायला सांगितलं. मुलीने नको म्हटलं. "मला कोणाला उत्तर द्यायचं नाहीये" एवढंच तिचं म्हणणं. विचारलं हे बरं झालं. नाहीतर शाल-श्रीफळाच्या निमित्ताने तिला पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उभं केलं असतं.

काय केलं

सत्राला आताची बारावी, पदवीची मुलं आणि नुकतेच बाहेर पडलेले बरेच जण आले. मुलगा मागच्या रांगेत होता. मुलगी आली नाही.

सुरुवात 'खुल्याला फक्त २८ टक्के उरतात' या वाक्याने झाली, कारण ते ग्रुपवर सारखं फिरत होतं. नोकऱ्यांच्या तक्त्यात आधीपासूनचे ५२ अधिक एसईबीसी १० अधिक ईडब्ल्यूएस १० असं ७२ होतं, हे खरं. अभियांत्रिकी प्रवेशाचा तक्ता वेगळा आहे. तिथे अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त व भटक्या जमाती मिळून ११, ओबीसी १९ असे ५० टक्के; वर एसईबीसीचे १०; आणि ईडब्ल्यूएसच्या जागा मंजूर संख्येच्या वर धरलेल्या. उरलेल्या जागा 'खुल्या' म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या. तिथे ओबीसी, एससी कुणीही गुणांवर येऊ शकतो, आणि आला तर तो राखीव जागा खात नाही. हे ऐकून एका मुलाने विचारलं, "म्हणजे ओपन ही जात नाही?" हशा पिकला, पण प्रश्न अगदी मुळाशी गेलेला होता.

मग मी त्या यादीतले जागांचे प्रकार फळ्यावर फोडून लिहिले. 'जी' म्हणजे सर्वसाधारण, 'एल' म्हणजे महिलांसाठीचं, प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं ३० टक्के समांतर आरक्षण, मधे प्रवर्ग, शेवटी 'एस' म्हणजे राज्यस्तर, 'एच' म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्यांसाठी. महिलांच्या जागा खुल्या गटातही असतात. मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक काल्पनिक विद्यार्थी: पर्सेंटाइल, प्रवर्ग, मुलगा की मुलगी, उत्पन्न, कोणती कागदपत्रं हातात आहेत. त्याला कुठे जागा मिळते ते यादीतून शोधायचं. काही चिठ्ठ्यांवर मी मुद्दाम 'वैधता प्रमाणपत्र नाही' लिहिलं होतं. ती मुलं खुल्या गटात ढकलली गेली आणि बाहेर पडली. ज्याच्या हातात अशी चिठ्ठी आली, तो चिडून म्हणाला, "पण गुण तर आहेत ना!"

खासगी महाविद्यालयांच्या जागांचं गणित मांडलं तेव्हा वातावरण जरा सैल झालं. विनाअनुदानित महाविद्यालयात २० टक्के जागा संस्था स्तरावर भरतात. तिथे कमी पर्सेंटाइलवर गेलेल्याला कुणी 'कोट्यातला' म्हणत नाही, हे एका मुलीनेच बोलून दाखवलं. ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे शिक्षण शुल्क माफी, योजनेच्या ५ टक्के जादा जागा तर निव्वळ उत्पन्नावर असतात, जात न बघता. आर्थिक निकषाच्या बाजूने बोलणाऱ्या बऱ्याच जणांना या योजनेचं नावही माहीत नव्हतं.

कुणीतरी अमेरिका काढलीच. २९ जून २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात प्रवेशात वंशाचा विचार करणं बंद केलं, मग आपण का नाही? इतिहासाच्या सरांनी दोन मुद्द्यांत आटोपलं. तिथे ठरावीक जागा राखून ठेवणं १९७८ च्या 'कॅलिफोर्निया विद्यापीठ विरुद्ध बाकी' या खटल्यातच गेलं होतं. पुढे वंश हा अनेकांतला एक घटक एवढंच उरलं होतं, तेही आता गेलं. आपल्याकडे १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रासची जातनिहाय प्रवेश पद्धत रद्द झाली आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने कलम १५(४) आलं. म्हणजे इथे ही तरतूद खुद्द घटनेत आहे. तिथल्या निकालावरून इथला निकाल लावता येत नाही.

खोतीवर मात्र सर रमले, आणि रमायला हवंच होतं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले कुणबी आणि महार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. याच तालुक्यातल्या गावांची नावं सर घेत गेले तशी मुलं एकमेकांकडे बघू लागली. सगळे खोत एकाच जातीचे नव्हते, ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमान होते, हेही त्यांनी सांगितलं. ग्रुपवरच्या 'तुमच्या पणज्यांनी' या वाक्याला तेवढं उत्तर पुरेसं होतं.

यानंतर मागच्या रांगेतला मुलगा उठला. आवाज चढलेला, पण मुद्दा पक्का. "आमच्या वर्गात एकाच्या वडलांची हापूसची मोठी बाग आहे, लॉज आहे, दोन गाड्या आहेत. त्याला नॉन-क्रीमी लेयर मिळालं. माझे बाबा प्राथमिक शिक्षक आहेत. मागास कोण?"

यावर कुणाकडे झटपट उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते ते नसणंच योग्य होतं. क्रीमी लेयर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आला. आठ लाखांची मर्यादा २०१७ पासून आहे. पण मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत. कोकणात बागायतदाराचा पैसा कागदावर शेतीचाच असतो. लॉज धरला जायला हवा. तो कागदावर कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न उरतो. मुलाचा आक्षेप खरा आहे आणि तो ओबीसी गटातल्या गरीब मुलांच्याही बाजूचा आहे, कारण ती जागा त्यांचीच जाते. मी तसं सांगितलं. पण त्याने लाल वर्तुळ काढलं होतं ते बागायतदाराच्या मुलाभोवती नाही, राखणदाराच्या मुलीभोवती. हे मात्र मी बोललो नाही. अटींत बसत नव्हतं.

शेवटी पदवीच्या एका मुलाने सहज विचारलं, "या यादीत एसईबीसी कितीला बंद झालंय?" पडदा खाली सरकवला. एसईबीसीचा शेवटचा आकडा मुलाच्या पर्सेंटाइलच्या खाली होता. दाखला असता तर ती जागा त्याची होती.

घरातला निर्णय

हा भाग सत्रानंतर, त्याच्या वडिलांकडून कळला. जूनमध्ये त्यांनी एसईबीसीचा दाखला काढायचं ठरवलं होतं. फॉर्म आणला, मुलाच्या आजोबांचा शाळेचा दाखला हवा म्हणून त्यांना, म्हणजे आबांना, विचारलं. आबांनी पेटी उघडलीच नाही. "आपण शहाण्णव कुळी. उद्या दाखल्यावर मागास लिहून आणलंत तर सोयरिकीला कोण उभं करील?" कोकणात हे नवीन नाही. घाटावर आणि मराठवाड्यात ज्या दाखल्यासाठी उपोषणं झाली, तो इथल्या अनेक मराठा घरांना नको असतो. कुणबी दाखला तर त्याहून नको. वडिलांनी वाद घातला नाही. मुलाचा अर्ज खुल्या गटातून गेला. त्या वर्षी एसईबीसीच्या वैधता प्रमाणपत्रासाठी सरकारने मुदत वाढवून दिली होती, पण अर्जात प्रवर्गच मागितला नसेल तर मधल्या फेरीत तो घालता येत नाही.

मुलाला हे माहीत होतं की नाही, यावर बाप-लेकात एकमत नाही. वडील म्हणतात, सांगितलं होतं. मुलगा म्हणतो, "दाखला नाही मिळत आपल्याला" एवढंच कानावर आलं होतं.

निष्पन्न

मुलाने पोस्ट काढून टाकली आणि मुलीला स्वतंत्र संदेश पाठवला: पोस्ट चुकली, मत तेच आहे. तिने तो वाचला, उत्तर दिलं नाही. पुढच्या फेरीत त्याला दुसऱ्या सरकारी महाविद्यालयात दुसरी शाखा मिळाली. तिथे तो बरा रमला आहे असं वडील सांगतात. मुलगी घाटावर गेली. पहिल्या सत्रात गणिताने तिला घाम फोडला, तरी सगळे विषय सुटले. दोघांचं बोलणं मात्र अजून नाही. गणपतीत एका वाडीतल्या आरतीला दोन्ही घरं नेहमीसारखी होती. मोठ्यांनी प्रसाद घेतला-दिला.

महाविद्यालयात एक बदल टिकला. आता अकरावीच्या पहिल्याच महिन्यात कागदांची यादी पालकांच्या हातात दिली जाते: १९६७ पूर्वीचा पुरावा, गाव नमुना १४ कुठे मिळतो, वंशावळ, वैधतेचा अर्ज. त्यात एसईबीसीही आहे. २०२५ मध्ये काही मराठा घरांनी दाखले काढले, काहींनी कागद घडी घालून ठेवला. दोन्ही त्यांच्या मर्जीने.

वेगळं काय करता आलं असतं

सत्र मुलांसाठी झालं, पण एका घरातला निर्णय आबांनी घेतला होता आणि दुसऱ्या घरातली धावपळ वडिलांनी केली होती. जूनमध्ये पालकांची बैठक झाली असती तर निदान वडिलांच्या हातात आबांसमोर ठेवायला काहीतरी असतं. एसईबीसीच्या रकान्यात पहिल्या फेरीत अशी जागा मिळू शकते, हे त्यांनी स्वतः यादीवर पाहिलं ते ऑगस्टच्या मध्यावर.

कागदांमागची मेहनत आम्ही चिठ्ठ्यांतून दाखवली ते ठीक. तरी कुणाचीही ओळख न देता एक खरी फाइल, मोडीतली नोंद आणि तिचं लिप्यंतर पडद्यावर दाखवायला हवं होतं. दाखला म्हणजे खिरापत, हा समज त्या एका पानाने जितका हलला असता तितका माझ्या फळ्यावरच्या अक्षरांनी हलला नाही. दुसऱ्या तालुक्यातली जुनी फाइल संबंधितांच्या परवानगीने मिळू शकली असती.

आणि एक गोष्ट महाविद्यालय अजून टाळतं आहे. 'कोट्यातली' हा शब्द ग्रुपवर ज्याने लिहिला, त्याला मी विचारलं की हे तुला सुचलं कसं. तो म्हणाला, शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना एक सर गमतीने असंच हाका मारायचे: "चला, कोटेवाले पुढे या." स्टाफरूममध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी प्राचार्यांना सुचवलं की हेच सत्र, हीच यादी, हेच चिठ्ठ्यांचं काम एकदा शिक्षकांसाठी घ्यावं. त्यांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं, 'दिवाळीनंतर'. तेव्हापासून एक दिवाळी होऊन गेली आहे.